चंपाषष्ठीला मी दुकान राखलं

मंदानं मला ती गोष्ट भाऊबीज होऊन तीन दिवस झाल्यावर सांगितली. मुलगी आणि जावई नाशिकला परत गेले होते. दारातल्या आकाशकंदिलाचा दिवा गेला म्हणून मी स्टुलावर चढलो होतो आणि ती खाली स्टूल धरून उभी होती. तिथूनच म्हणाली, "अहो, माझ्या छातीत एक गाठ लागतेय हाताला. घट बसायच्या आधीपासून." मी दिवा बसवायचा तसाच ठेवून खाली उतरलो.

माझ्या मनात आधी काळजी आली नाही, राग आला. हे लिहिताना लाज वाटते, पण जसं झालं तसंच सांगायचं ठरवलं आहे. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंत हिनं एक बाजार सोडला नव्हता. घटाची माती आणि सात धान्यं आणली, दसऱ्याला झेंडूच्या ढिगांतून टपोरी फुलं वेचून घेतली, कोजागरीला गच्चीवर शेजारपाजार गोळा करून दूध आटवलं, दिवाळीत लक्ष्मीच्या मूर्तीसाठी संगमनेरच्या पेठेत तीन गाड्या पालथ्या घातल्या. आणि हे सगळं करताना तिला ठाऊक होतं. मी ओरडलोच. ती शांतपणे म्हणाली, "पोरगी वर्षातनं चार दिवस माहेराला येते. तिच्या ताटात हे कुठं वाढू?"

दुसऱ्या दिवसापासून दवाखाना सुरू झाला. पहिल्यांदा सुईनं तपासणी केली, तिच्यातून काही नीट कळेना. मग तुकडा काढून पुण्याला पाठवला. आठ दिवस लागतील म्हणाले. आठ दिवसांनी कळलं की आणखी एक तपासणी लावावी लागणार, अजून थोडं थांबा. मी दूध संघात एकतीस वर्षं नमुने तपासायचं काम केलं आहे. माणूस कॅन घेऊन समोर उभा असायचा, मी थोडं दूध काढून यंत्राला लावायचो आणि मिनिटाभरात फॅट किती ते सांगून मोकळा व्हायचो. निकाल देणं मला माहीत होतं, निकालाची वाट बघणं माहीत नव्हतं.

त्या दिवसांत मी घरात कुठं बसलो होतो असं मला आठवतच नाही. चहाचा कप हातात घेऊन ओट्यापासून दारापर्यंत जायचो, परत यायचो, चहा थंड व्हायचा. पहाटे उठून प्रवरेच्या पुलापर्यंत चालत जायचो आणि तिथं पोचलो की घरी काही झालं तर नसेल ना, म्हणून जवळजवळ पळतच परतायचो. दवाखान्यात रोज फोन लावायचो. फोन उचलणारी मुलगी माझा आवाज ओळखायला लागली होती. देवाचं म्हणाल तर, आमच्या घरात खंडोबा कुलदैवत. देव्हाऱ्यासमोर उभं राहिलं की सवयीनं हात जोडले जायचे, पण 'देवा' म्हटल्यावर पुढचा शब्द येत नसे. खरं सांगायचं तर मनातून मी त्याच्यावर रुसलो होतो. आयुष्यभर ह्या बाईनं तुझे सगळे उपास-तापास केले, आणि तू तिला हे दिलंस? असा प्रश्न विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता चपला घालून बाहेर पडायचं, हा माझा रोजचा क्रम झाला होता.

मार्गशीर्ष लागला तसं मंदानं खंडोबाचे घट बसवले. सहा दिवस माळ, दिवा, सगळं नेहमीसारखं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "उद्या चंपाषष्ठी. ठाण्यावर जायचं ना?"

आमच्या तालुक्याच्या पठारभागात, चंदनापुरीचा घाट चढून वर गेलं की आत एका गावात खंडोबाचं जुनं ठाणं आहे. चंपाषष्ठीला तिथं मोठी जत्रा भरते. लग्न झाल्यापासून आम्ही एखादंच वर्ष चुकवलं असेल. पण यंदा माझी तयारी नव्हती. "उद्या रिपोर्ट येऊ शकतो," मी म्हणालो.

"मग येऊ दे. फोन काय तिथं लागत नाही?"

"तुला काहीच कसं वाटत नाही गं?"

तिनं नैवेद्याला लागणारी वांगी धुवायला घेतली. चातुर्मासात आमच्याकडं वांगं आणि कांदा बंद असतो, तो चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडग्यांचा नैवेद्य दाखवून सुटतो. सकाळी शेजारच्या चौघांना बोलावून तळी उचलली. ते येळकोट म्हणत होते तेव्हा मी खिशातला फोन चाचपत होतो. भरीत-रोडग्याचा डबा पिशवीत घालून आम्ही एसटीनं निघालो. मंदाचा मोबाईल घरी चार्जिंगलाच राहिला, ते आमच्या लक्षात आलं घारगाव ओलांडल्यावर.

जत्रा नेहमीसारखीच होती. कोवळं ऊन, पठारावरचा बोचरा वारा, आणि गावाच्या वेशीपासून देवळापर्यंत दोन्ही बाजूंनी पालं. वांग्यांचे ढीग, पातीच्या कांद्याच्या जुड्या, रेवड्या, गोडीशेव, बांगड्या, लाटणी, सुपं, पाळण्याची करकर. देवळाच्या अंगाला भंडारा उधळून उधळून सगळी हवाच पिवळी झाली होती. मंदा प्रत्येक पालापाशी थांबत होती. लाटणं हातात घेऊन फिरवून बघायचं, परत ठेवायचं. रेवडीवालीला विचारायचं, यंदा तीळ कुठला? मी तिच्या मागं उभा राहून दर दोन मिनिटांनी फोन बघत होतो. रेंज नव्हती. एक काडी यायची, जायची. शेवटी बांगड्यांच्या पालापाशी मी तिला म्हणालो, "तू इथंच थांब. मी त्या टाकीजवळच्या चढावर जाऊन फोन लावून येतो."

"हो, या," ती म्हणाली. तिचं लक्ष बांगड्यांकडं होतं.

चढावर रेंज आली. दवाखान्यातली ती मुलगी म्हणाली, "काका, डॉक्टर ऑपरेशनमध्ये आहेत. पुण्याहून काहीतरी आलंय, पण आम्हाला फोनवर सांगता येत नाही." पुण्याहून काहीतरी आलंय. एवढं ऐकून मी खाली आलो आणि बांगड्यांच्या पालापाशी मंदा नव्हती.

कासारीण म्हणाली, "त्या बाई व्हय? आत्ता हुत्या की. देवाकडं गेल्या असतील." मी देवळाकडं निघालो तर समोरून वाजतगाजत पालखी येत होती. ती जाईपर्यंत भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं. दर्शनाची रांग पायऱ्यांवरून खाली शाळेच्या भिंतीपर्यंत आली होती. बायकांच्या रांगेत एकेक चेहरा बघत मी गेलो, त्या माझ्याकडं विचित्र नजरेनं बघायला लागल्या. मंदा नव्हती. परत बांगड्यांच्या पालापाशी आलो. पाळण्यापाशी गेलो. पाण्याच्या टँकरपाशी गेलो. कुणाला चक्कर आली तर नेऊन बसवतात त्या मांडवात डोकावलो. माइकवरून नाव पुकारावं म्हटलं तर तिथं आरती लागलेली, माझं कोण ऐकणार! एक वेळ अशी आली की हिरव्या साडीतली प्रत्येक बाई मला मंदाच वाटायला लागली. दोघींना तर मी हाक मारली. थंडीतही माझा सदरा पाठीला चिकटला होता. डोक्यात एकच विचार फिरत होता, मी तिला एकटं सोडलं. तिच्या रिपोर्टसाठी मी तिलाच सोडून गेलो.

किती वेळ असा फिरलो कोण जाणे. पायाला गोळा आला म्हणून घोंगड्यांच्या एका पालाचा बांबू धरून थांबलो. आत एक बाई बसली होती, पासष्टीची असेल, नऊवारी लुगडं, कपाळभर मळवट. चहूबाजूंनी काळ्या घोंगड्यांच्या घड्या. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो दादा, टेका की जरा. सकाळधरनं ही चौथी खेप हाय तुमची माझ्या म्होरनं."

"माझी बायको सापडत नाही," मी म्हणालो. माझाच आवाज मला रडवेला वाटला.

"कुटं जातीय? जत्रंतच आसंल." तिनं शेजारची घडी सरकवून जागा केली. "बसा. माझं बी एक काम हाय तुमच्याकडं. माजी सून येणार हुती मदतीला, तिला ताप आला. उपास हाय माजा, आन् आजून द्येवाचं तोंड बगितलं न्हाई. माल उघड्यावर टाकून जाता येत न्हाई. तुमी हितं बसा, मी दर्शन घिऊन आलेच."

मी म्हणालो, "मावशी, मला तिला शोधायचंय. मी कसा बसू?"

ती तोवर उठून पदर खोचत होती. "दोगंबी हुडकीत फिरलात तर गाठ कशी पडायची? एकानं जागा धरावी. दुसरं येतं बराबर." आणि ती खरोखर निघून गेली. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. घोंगड्यांचा सगळा माल आणि मी.

मी उठून जाणार होतो. दोनदा उठलोही. पण एखाद्या अनोळखी बाईनं विश्वासानं टाकलेला माल सोडून कसं जायचं? एवढी वर्षं दुसऱ्यांच्या दुधाचा हिशोब चोख ठेवलेला माणूस मी, माझा पाय काही निघेना. पुन्हा बसलो. पहिली काही मिनिटं म्हणजे नुसता छळ होता. पाय आपोआप हलत होते, मान इकडून तिकडं फिरत होती. एक जोडपं आलं, घोंगडी उलगडून बघायला लागलं. मला काय माहिती त्यातली! मी म्हणालो, "बाई देवाला गेल्यात, येतीलच. बसा तुम्ही." ते बसले नाहीत. मी घोंगडीची घडी पुन्हा घालायला घेतली. ती काही नीट बसेना. खरखरीत, जड लोकर, चिंचोक्याच्या खळीचा वास. चार वेळा उलगडून पाचव्यांदा कडा जुळल्या.

ती घडी जागेवर ठेवली आणि माझ्या लक्षात आलं की माझे पाय थांबले होते.

मला त्या क्षणी काही दिसलं नाही, कुणाचा आवाज आला नाही. समोर जत्रा चालली होती एवढंच. एक म्हातारा बोटानं भंडारा जिभेला लावत होता. एका बाईच्या कडेवरचं लेकरू रेवडी चोखत झोपलं होतं. देवळाच्या बाजूनं येळकोटाचा गजर उठला की सगळी माणसं चालता चालता हात वर करत होती. सकाळपासून मी ह्यांच्यातून धावत होतो आणि मी ह्यातलं काही पाहिलं नव्हतं. महिनाभर देवासमोर 'देवा' म्हणून अडून राहणाऱ्या माझ्या तोंडून तेव्हा पुढचे शब्द आपसूक आले. "देवा, मी बसलोय. आता तूच बघ." रिपोर्ट चांगला येऊ दे, असंसुद्धा मी म्हणालो नाही. ते मागायचं राहून गेलं, आणि राहून गेल्याचं वाईटही वाटलं नाही.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येणार नाही. मी दुसरी एक घडी मांडीवर घेऊन बसलो होतो, तेवढ्यात समोरून कुणीतरी म्हणालं, "केवढ्याला दिली हो घोंगडी?"

मंदा होती. हातभर हिरव्या बांगड्या, कपाळाला भंडारा. मला त्या पालात दुकानदारासारखा बसलेला बघून ती हसायला लागली. तोंडाला पदर लावून, पोट धरून हसत होती. दिवाळीनंतर मी तिचं असं हसणं ऐकलं नव्हतं. "कुठं होतीस?" मी विचारलं. ती बांगड्या भरून झाल्यावर कुणा ओळखीच्या बाईसोबत देवळाच्या मागच्या दारानं ओटी भरायला गेली होती, परत आली तेव्हा मी नव्हतो, मग ती मला शोधत फिरली, मी तिला. "तुम्हाला तीनदा लांबनं बघितलं," ती म्हणाली, "हाक मारेपर्यंत तुम्ही पुढं गेलेले असायचात."

ती आत येऊन माझ्याशेजारी बसली. हसणं ओसरत गेलं आणि कसं कोण जाणे, त्याचंच रडणं झालं. तिनं माझा हात धरला. "मला भीती वाटते हो," ती म्हणाली. "लई भीती वाटते. सांगितल्यापासून तुम्ही असे पळताय, की मी घाबरले तर तुम्हाला कोण सावरणार म्हणून मी घाबरलेच नाही. बाजारात गेलं की तेवढं बरं वाटतं. वांगी निवडताना दुसरं काही मनात येत नाही."

 एवढे दिवस मी समजत होतो की ती निश्चिंत आहे आणि ओझं मी एकटा वाहतोय. माझ्या येरझाऱ्यांमध्ये तिला टेकायला जागाच नव्हती. वारा सुटला होता. मी समोरच्या ढिगातली एक घोंगडी काढली, दुसऱ्याच्या दुकानातली, न विचारता, आणि तिच्या खांद्यावर घातली. मग डबा उघडून आम्ही भरीत आणि रोडगा खाल्ला. चार-पाच महिन्यांनी जिभेवर आलेली ती वांग्याची आणि कच्च्या कांद्याची चव मला अजून आठवते. मंदा रडता रडता म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

बाई परतल्या तेव्हा दुपार कलली होती. "लई लांब रांग हुती बया," म्हणत त्यांनी आम्हा दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. मंदाकडं बघून म्हणाल्या, "गावल्या व्हय? म्हनलं नव्हतं?" मी त्यांना विचारलं, "मावशी, माझं नावही न विचारता एवढा माल टाकून कशा गेलात?" त्या हसल्या. "नाव काय करायचंय? तुमचं पाय बगितलं. म्हनलं, ह्यो मानूस आता उटून कुटं जायाचा न्हाई." मंदाच्या खांद्यावरची घोंगडी आम्ही विकत घेतली. आजाराबद्दल आम्ही त्यांना काही सांगितलं नाही, त्यांनीही काही विचारलं नाही.

एसटी घाट उतरायला लागली तसा फोन वाजला. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावलं होतं. तिथं गेल्यावर कळलं, आजार होता. ज्याची भीती होती तोच होता. पण वेळेत कळला आहे, ऑपरेशन करू, पुढची औषधं घेऊ, असं त्यांनी सांगितलं. ते ऐकताना मंदानं माझा हात सोडला नाही आणि मी खुर्ची सोडली नाही. त्याच संध्याकाळी मुलीला फोन करून सगळं सांगितलं. ती रडली, आईवर चिडली, माझ्यासारखीच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. ऑपरेशन मार्गशीर्ष संपता संपता झालं. नीट पार पडलं. अजून औषधं चालू आहेत आणि पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही.

लोक विचारतात, खंडोबानंच त्या बाईला धाडलं का? मी ते ठरवणारा कोण? ती एक घोंगडी विकणारी बाई होती, तिला दर्शनाला जायचं होतं आणि तिला कुणीतरी राखणदार हवा होता. मला एवढंच माहीत आहे की ज्या दिवशी मला बसायला लावणारं कुणीतरी हवं होतं, त्या दिवशी ते भेटलं. मी पळत होतो तोवर माझी बायको, माझा देव आणि माझं स्वतःचं मन, तिन्ही माझ्या मागून हाका मारत होते आणि कुणाची हाक माझ्यापर्यंत पोचत नव्हती. शरण जाणं म्हणजे फार मोठं काहीतरी करायचं असतं असं मला वाटायचं. मला जमलं ते एवढंच, की मी उठलो नाही.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मंदा पलंगावर उशीला टेकून बसली होती. डॉक्टरांनी अजून गर्दीत जायला बंदी केली होती. खिडकीतून बाजाराचा कालवा ऐकू येत होता. "सुगडं आली असतील," ती म्हणाली. "बोरं, हरभऱ्याचे घाटे, उसाचे करवे. यंदा राहू दे." मी पिशवी घेतली आणि निघालो. आयुष्यात पहिल्यांदा मी सुगडं आणायला गेलो. कुंभारणीच्या गाडीभोवती सगळ्या बायकाच होत्या, मी एकटा पुरुष. लाजत लाजत एक सुगड उचललं तर कुंभारीण म्हणाली, "काका, असं न्हाई, वाजवून बगा. ठणठणीत आवाज आला पायजे." तिनं एक वाजवून दाखवलं. मग मीही एकेक उचलून कानाशी धरून वाजवायला लागलो. मागं रांग खोळंबली होती, कुणी कुरकुरत होतं, पण मला घाई नव्हती.

पाच सुगडं निवडून झाली तेव्हा कुंभारीण म्हणाली, "काकू न्हाई आल्या व्हय?"

"घरी आहे," मी म्हणालो. "वाट बघतेय." आणि ते तीन-चार शब्द बोलताना माझे डोळे असे भरून आले, की भरबाजारात, पिशवी पोटाशी धरून, मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.